चार्ली सिफर्ड : दाराबाहेर ठेवलेली गुणवत्ता

१९१६ हे वर्ष आपल्या स्मरणात आहे ते एका निबंधामुळे. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती आणि तिची यंत्रणा यांवर आपला शोधनिबंध वाचला. त्याच्या सुमारे एक महिना आधी, १० एप्रिल १९१६ रोजी, त्याच शहरात अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना स्थापन झाली होती. प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन, म्हणजेच पीजीए. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु पुढे १९३४ साली या संघटनेने आपल्या घटनेत जी अट घातली, ती वाचली असती तर बाबासाहेबांना तिचा अर्थ कोणाला विचारावा लागला नसता. सभासदत्व फक्त ‘कॉकेशियन’ वंशाच्या व्यावसायिकांनाच मिळेल, असे तिचे स्वरूप होते. खेळ कसा आहे हा प्रश्न पुढचा. आधी जन्म कोणाच्या पोटी झाला ते सांगा.

ही अट १९६१ सालापर्यंत टिकली. तिच्याशी ज्यांनी आयुष्य पणाला लावून झुंज दिली, त्यांतील एक नाव म्हणजे चार्ल्स ल्यूथर सिफर्ड. आपल्या घरांतील मुलांना जॅकी रॉबिन्सन ठाऊक असतो, मुहम्मद अली ठाऊक असतो, टायगर वूड्स तर असतोच. सिफर्ड बहुधा ठाऊक नसतो. म्हणून हा लेख.

ओझे वाहणारे हात

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, ही समजूत अर्धीच खरी आहे. मैदान श्रीमंतांचे असते. पण त्या मैदानावर काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारा ‘कॅडी’ गरिबाघरचा मुलगा असतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा मुलगा प्रायः कृष्णवर्णीय असे. वारा कोणत्या दिशेचा आहे, गवताचा उतार कुठे फसवील, कोणत्या अंतराला कोणती काठी घ्यावी, हे सारे ज्ञान त्याच्यापाशी असे. ते तो मालकाला सांगे. स्वतः खेळण्याची परवानगी मात्र त्याला नसे. फार तर मैदान बंद असेल त्या दिवशी.

या खेळाच्या जडणघडणीत कृष्णवर्णीयांचा वाटा किती जुना आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९६ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत जॉन शिपेन हा अवघा किशोरवयीन कृष्णवर्णीय खेळाडू उतरला, तेव्हा काही गोऱ्या व्यावसायिकांनी बहिष्काराची धमकी दिली. हे दोघे, म्हणजे शिपेन आणि त्याचा शिनेकॉक जमातीचा आदिवासी सहकारी ऑस्कर बन, खेळणारच. तुम्हाला खेळायचे नसेल तर खेळू नका, असे संघटनेच्या अध्यक्षांनी बजावले आणि धमकी विरून गेली. चेंडू ठेवण्यासाठी जमिनीत रोवतात त्या लाकडी ‘टी’चे अमेरिकेतील पेटंट १८९९ साली मिळाले ते डॉ. जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याला. ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवत असत. त्याआधी खेळाडू ओल्या वाळूचे छोटे ढिगारे करून त्यावर चेंडू ठेवीत. म्हणजे १९३४ ची अट ही काही अनादी काळापासून चालत आलेली रूढी नव्हती. हे लोक येऊ शकतात आणि जिंकू शकतात, हे दिसल्यानंतर ती विचारपूर्वक लिहिली गेली.

शार्लट ते फिलाडेल्फिया

सिफर्ड यांचा जन्म २ जून १९२२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे एका मजुराच्या घरी झाला. लहान वयातच ते कॅडीचे काम करू लागले. दिवसाकाठी साठ सेंट मिळत. त्यातले पन्नास आईच्या हातावर ठेवायचे आणि उरलेल्या दहांत सिगार घ्यायचा, असा त्यांचा हिशेब त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. तोंडातील तो सिगार आयुष्यभर त्यांची ओळख राहिला. तेराव्या वर्षी हा मुलगा निष्णात खेळाडूसाठी ठरवलेल्या फटक्यांत मैदान पूर्ण करू लागला होता.

सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी शार्लट सोडून फिलाडेल्फिया गाठले. तेथील कॉब्स क्रीक हे नगरपालिकेचे मैदान सर्वांना खुले होते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा लढा हा सार्वजनिक पाणवठ्याच्या हक्काचाच लढा होता. तळ्याला कठडा असो वा मैदानाला कुंपण, ते कोणाच्या पैशाने राखले जाते आणि तेथे कोणाला मज्जाव आहे, हा प्रश्न एकच असतो. कॉब्स क्रीक नसते, तर सिफर्ड हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्याच वाहत राहिले असते.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते, ओकिनावाला गेले. परत आल्यावर गायक बिली एक्स्टाइन यांना गोल्फ शिकवून त्यांनी उपजीविका केली. खेळायला व्यासपीठ होते ते युनायटेड गोल्फर्स असोसिएशनचे. कृष्णवर्णीयांनी स्वतः उभी केलेली ही संघटना. तिची राष्ट्रीय स्पर्धा सिफर्ड यांनी सहा वेळा जिंकली. बक्षिसाची रक्कम तुटपुंजी असे. मोठा पैसा, मोठी मैदाने, वृत्तपत्रांतील रकाने हे सारे भिंतीच्या पलीकडे होते.

याच काळात त्यांची बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्याशी भेट झाली. मध्येच सोडून देणाऱ्यांपैकी आहेस का, असे रॉबिन्सन यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी बजावले की मार्ग भयंकर आहे आणि माघार घेतलीस तर मागून येणाऱ्यांनाही वाट उरणार नाही.

बिल स्पिलर यांचा लढा

सिफर्ड यांचा इतिहास बिल स्पिलर यांच्याशिवाय सांगणे अन्यायाचे होईल. स्पिलर हे टेक्सासमधील वायली कॉलेजचे पदवीधर. शिक्षक होण्याची पात्रता असूनही त्यांना लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्थानकावर हमाली करणे अधिक परवडत होते, कारण कृष्णवर्णीय शिक्षकाचा पगारच तेवढा होता. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या साठांत आल्यामुळे स्पिलर आणि टेड ऱ्होड्स हे पुढील रिचमंड ओपनसाठी नियमानुसार आपोआप पात्र ठरले. तेथे सराव सुरू असतानाच त्यांना सांगण्यात आले की, आपल्याला खेळता येणार नाही. आपण पीजीएचे सभासद नाही. आणि सभासद का नाही, तर कॉकेशियन नाही म्हणून.

त्यांनी दावा लावला. यापुढे भेदभाव करणार नाही, असे आश्वासन देऊन पीजीएने तडजोड केली आणि दावा मागे घेतला गेला. त्यानंतर जे घडले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. खुल्या स्पर्धांना ‘निमंत्रितांची स्पर्धा’ असे रूप देण्यात आले. कोणालाही मनाई नाही; केवळ निमंत्रण नाही. आश्वासनाचा भंग झाला असे न्यायालयात सिद्धही करता येईना. नियमातील शब्द बदलून आशय तसाच ठेवण्याची ही कला आपल्या समाजाने शाळाप्रवेशापासून घरभाड्यापर्यंत पुष्कळ पाहिली आहे.

१९५२ साली मुष्टियुद्धातील विश्वविजेते जो लुई यांनी सॅन डिएगो येथील स्पर्धेत प्रवेश नाकारला गेल्यावर आवाज उठवला. देशभर गाजावाजा झाला, तेव्हा काही स्पर्धांची कवाडे किलकिली झाली. त्याच वर्षी फिनिक्स ओपनच्या पात्रता फेरीत लुई, ऱ्होड्स आणि सिफर्ड यांचा चमू सर्वांत आधी मैदानात सोडण्यात आला. पहिल्याच होलपाशी पोहोचल्यावर दिसले की चेंडू जेथे पडतो तो कप मानवी विष्ठेने भरून ठेवला आहे. कप बदलून मिळेपर्यंत त्यांना तेथेच ताटकळत उभे राहावे लागले, आणि मग खेळायचे होते. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या कपाळी गावाची घाण उपसण्याचे काम लिहिले गेले, त्या घरांतील वाचकांना या प्रसंगावर भाष्याची गरज नाही.

एक पत्र आणि एक कलम

पुढे स्पिलर लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये कॅडीचे काम करू लागले. तेथे हॅरी ब्रेव्हरमन या सभासदाने त्यांना विचारले की, एवढे चांगले खेळता, मग दौऱ्यावर का नाही? स्पिलर यांनी त्या कलमाविषयी सांगितले. हे लिहून काढा, असे ब्रेव्हरमन म्हणाले आणि ती हकिकत त्यांनी आपल्या परिचयाचे कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचवली. मॉस्क यांनी पीजीएला कळवले की, हे कलम असेपर्यंत राज्यातील सार्वजनिक मैदानांवर आपल्याला स्पर्धा भरवता येणार नाहीत. आम्ही खासगी मैदानांवर भरवू, असे उत्तर आले. तेही चालू देणार नाही, असे मॉस्क यांनी ठणकावले आणि अन्य राज्यांतील महाधिवक्त्यांशीही संपर्क साधला. १९६२ ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिसमध्ये व्हायची होती. संघटनेने ती पेनसिल्व्हेनियाला हलवली. परंतु वाद टाळता येईना. अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कलम रद्द झाले.

या कलमातील ‘कॉकेशियन’ या शब्दाशी आपल्या देशाचाही एक संबंध आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वासाठी असा युक्तिवाद केला की, मी उच्चवर्णीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून कॉकेशियन आहे, म्हणून गोरा आहे. जातीची शुद्धता हा त्याच्या बाजूचा पुरावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या बोलण्यात ‘गोरा’ म्हणजे हा नव्हे, असा निकाल दिला. उतरंडीतील आपली पायरी दाखवून वरच्या पायरीवर जागा मागणारा माणूस त्या उतरंडीनेच परतवला गेला. सिफर्ड आणि स्पिलर यांनी अशी जागा मागितली नाही. आम्हीही कोणापेक्षा वरचे आहोत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. फटके मोजा, एवढेच म्हणणे होते.

फटके मोजले तेव्हा

१९६० साली सिफर्ड यांना पीजीएच्या दौऱ्यावर खेळण्याचा मर्यादित परवाना मिळाला. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. खेळाडूची भराची वर्षे निघून गेली होती. पुढच्याच वर्षी आपल्या जन्मराज्यातील ग्रीन्सबरो येथील स्पर्धेत ते उतरले. दक्षिणेतील अशा मोठ्या स्पर्धेत खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पहिल्या फेरीअखेर ते आघाडीवर होते. त्या रात्री दूरध्वनी खणखणला. उद्या मैदानावर पाऊल टाकलेस तर जिवाला मुकशील, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी काही गोऱ्यांची टोळी होलामागून होल त्यांच्या मागे शिव्या घालत, फटका मारण्याच्या क्षणी आरडाओरडा करत फिरली. सिफर्ड यांनी खेळ सोडला नाही. स्पर्धा संपली तेव्हा ते चौथे होते.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी ग्रेटर हार्टफोर्ड ओपन जिंकली. अखेरच्या फेरीत ६४ फटके. १९६९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस ओपन जिंकली; पहिल्या फेरीत ६३ फटके आणि बरोबरीनंतरच्या निर्णायक होलवर दक्षिण आफ्रिकेचे हॅरल्ड हेनिंग यांच्यावर मात. ही स्पर्धा रँचो पार्क या सार्वजनिक मैदानावर झाली होती. १९७५ साली त्यांनी ज्येष्ठांचे पीजीए अजिंक्यपदही मिळवले.

एवढे होऊनही ऑगस्टा येथील मास्टर्स या मानाच्या स्पर्धेचे निमंत्रण त्यांना कधीच आले नाही. तेथे कोणतेही वर्णनिर्बंधाचे कलम नव्हते. निवडीचे निकष होते आणि त्या निकषांत ते कधी बसले नाहीत. दौऱ्यावरील स्पर्धा जिंकणाऱ्याला आपोआप निमंत्रण द्यावे, असा नियम १९७२ पासून आला. तोवर सिफर्ड यांचे दोन्ही विजय मागे पडले होते. त्या नियमाचा लाभ ली एल्डर यांना झाला आणि १९७५ साली ते मास्टर्समध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्या काळी ऑगस्टाच्या मैदानावरील कॅडी मात्र सारे कृष्णवर्णीयच असत. पिशवी उचलण्यासाठी कोणत्याही निकषाची आवश्यकता नव्हती.

गोल्फमध्ये पंचाच्या मर्जीला वाव फारच कमी असतो. किती फटक्यांत चेंडू आत गेला, हा आकडा असतो आणि तो आकडा कोणाच्या कातडीचा रंग पाहत नाही. म्हणूनच वर्चस्व राखायचे तर मोजणीपूर्वीच माणसाला थांबवावे लागते. माझ्या पेशात, संगणकप्रणाली लिहिताना, हे रोज दिसते. प्रवेशालाच चुकीची अट घातली की पुढची सारी गणना बिनचूक असूनही उत्तर चुकीचे येते, आणि गणना बिनचूक आहे याच आधारावर ते उत्तर बरोबर ठरवले जाते. ‘मेरिट’ हा शब्द आपल्या कार्यालयांतून फार सैलपणे वापरला जातो. तो ऐकताना विचारावे की, मोजणीला कोणाकोणाला उभे राहू दिले होते?

पाऊस आणि कुल्हड

सिफर्ड यांच्याबरोबर आणखी दोघांचे स्मरण येथे उचित ठरेल. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पापवा सेवगोलम हा कॅडी होता. १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशातला. त्याने स्वतःच शिकून, काठीवर हात उलटे धरून खेळण्याची आपली पद्धत बसवली आणि १९५९ साली डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबवर त्याने नाताळ ओपन जिंकली, तेव्हा क्लबच्या इमारतीत गोऱ्यांव्यतिरिक्त कोणाला प्रवेश नव्हता. विजेत्याला बाहेर पावसात चषक देण्यात आला. १९६५ मध्ये त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअर यांनाही हरवले. पुढच्या वर्षी सरकारने त्याच्या खेळण्यावरच बंदी आणली आणि १९७८ साली तो दारिद्र्यात मरण पावला.

दुसरे नाव आपल्याच मातीतले. पुण्यात जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणारा आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणारा पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देई आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या कुल्हडात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. १९२३ साली ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. बाळूने पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवली, हेही खरे. त्यामुळे कुल्हडाचा इतिहास पुसला जात नाही.

तिघांच्या कथेत एक क्रम सारखा आहे. आधी खेळाची सेवा करण्यापुरता प्रवेश, मग अपरिहार्य कौशल्य, मग विजय, आणि विजयानंतरही उंबरठ्याबाहेरची जागा.

वारसा

सन्मान आले, पण उशिरा. २००४ साली जागतिक गोल्फच्या गौरवदालनात सिफर्ड यांचा समावेश झाला; असा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. २००६ मध्ये गोल्फची पंढरी मानल्या जाणाऱ्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २०११ साली शार्लटमधील रेव्होल्यूशन पार्कच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या बालपणी ते नगरपालिकेचे मैदान कृष्णवर्णीयांना बंद होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम प्रदान केले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टायगर वूड्सने त्यांना आजोबांच्या ठिकाणी मानले आणि आपल्या मुलाचे नाव चार्ली ठेवले. बिल स्पिलर यांच्या वाट्याला मात्र हयातीत पीजीएचे सभासदत्वही आले नाही.

सिफर्ड हे गोडबोले नव्हते. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा कडवटपणा त्यांनी कधी लपवला नाही, आणि तो लपवावा अशी अपेक्षा करणेही अनुचित आहे. पंचवीस ते अडतीस या वयातील त्यांचा खेळ बहुतांशी पीजीएच्या दाराबाहेरच राहिला. कोणतेही पदक ती वर्षे परत देऊ शकत नाही.

आपल्यासाठी या इतिहासाचा अर्थ केवळ स्मरणापुरता नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगर परिषदेने भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ या शब्दाचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकाला राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नकार दिला. विद्यमान कायदे पुरेसे आहेत, असे कारण देण्यात आले. १९४८ च्या तडजोडीतील आश्वासन स्पिलर यांनाही पुरेसे वाटावे, अशीच पीजीएची इच्छा होती. ते पुरले नाही. नावानिशी लिहिलेले बंधन हटवण्यासाठी नावानिशी लिहिलेली तक्रारच लागली, आणि ती हमाली व कॅडीचे काम केलेल्या एका पदवीधराने केली.

बाबासाहेबांनी संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, दुकाने, उपाहारगृहे अशी एकेक जागा नाव घेऊन नोंदली जाईल हे पाहिले. ‘सर्वांना समान वागणूक’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत, कारण नाव घेतले नाही तर त्या जागी काय घडते याचा त्यांना अनुभव होता. आपली मुले या देशातील शाळांच्या मैदानांवर, तलावांवर, क्लबांत मोकळेपणाने खेळतात, त्यामागे सिफर्ड आणि स्पिलर यांच्यासारख्यांचे श्रम आहेत. या मंडळींचे ऋण मान्य करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे त्यांची नावे घरात उच्चारली जाणे. पुढच्या वेळी दूरचित्रवाणीवर ऑगस्टाची हिरवळ दिसेल, तेव्हा मुलांना चार्ली सिफर्ड कोण होते ते सांगा, आणि त्यांना तेथे कोणी का बोलावले नाही तेही सांगा.

जय भीम.